आधी हसायचं, मग उचलायचं

वरच्या खोलीतले वाळलेले कपडे खाली आणायचे, एवढंच काम होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे सगळीच कामं मला अजून हौसेने करावी लागत होती. दुपार कलली होती. खाली बैठकीत सगळे चहाची वाट बघत बसलेले: सासूबाई, सासरे, नणंद आणि नवरा. मी कपड्यांचा ढीग हनुवटीने दाबून धरला, जिना उतरायला लागले, आणि वरून दुसऱ्या पायरीवर पाय टेकवला तर तिथे पायरीच नव्हती.

म्हणजे होती. माझ्या पायाला सापडली नाही. कपड्यांसकट मी थेट बैठकीत दाखल झाले.

माझ्या माहेरी कुणी पडलं की आधी "लागलं का?" विचारतात आणि लागलं नसेल तर मग वर्षभर हसतात. इथे क्रम उलटा होता. सगळे खो खो हसले. सासऱ्यांनी तर मांडीवर थाप मारली. कोपर सुजून टम्म झालं तेव्हा सासूबाई मलम घेऊन आल्या, पण चोळतानाही हसतच होत्या. एवढं हसूनही डोळे मात्र कुणाचेच हसत नव्हते. दिवसभर उभा राहिलेला दुकानदार शेवटच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसतो ना, तसं ते हसू होतं.

आणि आणखी एक. बैठकीत माणसं किती, हे नव्या सुनेला आवाजावरूनच कळायला लागतं. कप तेवढे भरायचे असतात. खाली चौघं होती. हसणं पाच जणांचं होतं. पाचवं बाईचं, बारीक, धाप लागल्यासारखं. आणि ते माझा पाय चुकायच्या आधी सुरू झालं होतं.

नवऱ्याला विचारलं. "जिन्यात आवाज घुमतो," म्हणाला आणि त्याने पेपरात तोंड खुपसलं.

नणंद बोलकी होती. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी राखण करत उभी होती, तेव्हा मी तिला गाठलं.

"आत्या असेल ती," ती सहज म्हणाली. "बाबांची धाकटी बहीण. काय नकलाकार होती, वहिनी! पाहुणे आले की मुद्दाम त्या जिन्यावरून पडायची. हात असे गरागरा फिरवायची... लोक पोट धरून हसायचे. आणि नाहीच हसलं कुणी, तर परत वर जायची. परत पडायची. आधीपेक्षा जोरात. हसेपर्यंत सोडायची नाही."

"मग?"

"मग एकदा खरीच पडली." तिने गॅस बारीक केला. "आम्ही किती वेळ हसत होतो, वहिनी... बाबा टाळ्या वाजवत होते."

मी पायरी दुरुस्त करायचं सुचवलं. गवंड्याला दोनदा बोलावलं होतं म्हणे. पायरी इतर पायऱ्यांइतकीच आहे.

पुढे त्या घरात मी बरीच पडापड पाहिली. सगळे हसायचे, मी पदराआड तोंड लपवून हसल्यासारखं करायचे. दुसऱ्याच्या पडण्याला माणसं का हसतात, याचा मी तेव्हा विचार करायचे. या खेपेला आपण वाचलो, याचा तो आनंद असावा, असं वाटायचं.

मग एका दुपारी घरात सासूबाई आणि मी, दोघीच होतो. फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास कोंडलेला. मी जिन्याखाली बसून चादरींच्या घड्या घालत होते. कानाशी ते बारीक हसू आलं. मी वर पाहिलं. सासूबाई दुसऱ्या पायरीवर होत्या, आणि मग नव्हत्या.

"आई! लागलं का?"

त्यांनी मनगट धरलं होतं. चेहऱ्यावर वेदना नव्हती. भीती होती.

"हस," त्या कुजबुजल्या.

"काय?"

"हस गं... लवकर..."

डोक्याला मार लागलाय, असं वाटून मी पाणी आणायला धावले. परत आले तर त्या उभ्या होत्या. उलट्या पावलांनी जिना चढत होत्या, माझ्याकडे तोंड करून. कठडा धरलेला नव्हता. कुणीतरी दंडाला धरून न्यावं, तशा.

"आई, कुठे निघालात?"

"मी नाही..." त्या म्हणाल्या. "मी नाही गं जात..."

वर पोचल्यावर त्यांचे दोन्ही हात गरागरा फिरायला लागले. दुखावलेलं मनगटही.

या वेळी कपाळ फुटलं. त्या खाली पडून राहिल्या आणि त्यांची टाच पुन्हा पहिली पायरी चाचपायला लागली.

तेव्हा मी हसले. अशा वेळी हसायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. आधी खोकल्यासारखं आलं, मग फुटलं. मी हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला. टाच थांबली.

"आम्हाला काय हौस आहे का?" मी कपाळाला कापूस लावत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या. "हसून हसून जीव दमलाय, पोरी."

"मग हे घर सोडायचं, आई."

"घराचं काय घेऊन बसलीस?" त्यांनी डोळे मिटले. "तिला जिना कुठे लागतो? तिला बघणारं माणूस लागतं."

ते मला तेव्हा नीट कळलं नाही. चार दिवस विसावा म्हणून मी माहेरी आले. आमचं घर तळमजल्यावर. जिना नाही, उंबराही नाही. त्या दुपारी आई आणि मी वाटाणे सोलत बसलो होतो, भाऊ पंखा पुसत होता. बाबा कुंड्यांसाठी पाणी आणायला बादली घेऊन निघाले.

माझ्या पाठीशी कुणीतरी हसलं.

बाबा सपाट, कोरड्या फरशीवर पडले. आई धावली, भाऊ धावला. "लागलं का? कुठे लागलं?" त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं. बाबा म्हणत होते, "काही नाही, काही नाही." आणि म्हणता म्हणता उठले.

"अहो, बसा ना जरा," आई म्हणाली.

"मी कुठे उठतोय?" बाबा जरा गोंधळले होते. त्यांनी रिकामी बादली उचलली, उलट्या पावलांनी पडल्या जागी गेले. दुसरा हात हळूहळू फिरायला लागला.

मी हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून, अगदी सासऱ्यांसारखी. बाबांचा हात थांबला. ते मटकन खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. तसं त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"ताई, लाज नाही वाटत?" भाऊ ओरडला.

"काय झालंय गं तुला?" आई म्हणाली. "कुठल्या घरात दिली मी तुला..."

सांगायला तोंड उघडलं, पण हसण्याने इतकी दमले होते की शब्द फुटेना. बाबा खुर्चीत होते. भाऊ खिडकीचा गज धरून उभा होता. आई वाटाण्यांचं ताट ओलांडून माझ्याकडे यायला निघाली होती. अजून कुणीच पडलं नव्हतं.

आणि ते बारीक हसू पुन्हा सुरू झालं.