तुलनेसाठी घेतलेला नमुना

सुई पाहताच जयराजने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि राजनंदिनीला हसू आवरले नाही.

"रोज भट्टीपुढे बसता आणि सुईला घाबरता?"

"आवं मॅडम, भट्टी अंगात न्हाई घुसत!"

विट्याचा जयराज मदुराईत सोन्याच्या गलाईचे, म्हणजे जुने सोने गाळून शुद्ध करण्याचे, दुकान चालवत असे. ऐन तिशीत थोरल्या भावाच्या हातांना कंप सुटला, सोने वितळवायची मूस धरणे अशक्य झाले. म्हणून दोन महिने गावी मुक्काम ठोकून विश्रामबागेतील या प्रयोगशाळेत तो स्वतःची जनुकचाचणी करून घ्यायला आला होता. साताऱ्याची राजनंदिनी तिथे तंत्रज्ञ होती.

या कंपवाताशी जोडलेल्या 'पार्किन' जनुकाचे काम तिने समजावले. पेशीतील खराब झालेल्या प्रथिनांवर खूण करायची; खूण झाली की ती मोडीत निघतात. खूण झाली नाही, तर कचरा साचतो आणि मेंदूतील पेशी मरू लागतात.

"म्हंजे हिणकस वेगळं काढणारा कारागीर."

"अगदी! असे दोन असतात — एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडला तरी दुसरा निभावून नेतो. तुमच्या भावाच्या अहवालात दोन्ही बिघडलेले आहेत."

अहवालाला पाच आठवडे लागले. तेवढ्या काळात चौकशीसाठी तो नऊ वेळा आला... दर वेळी भडंगाचा पुडा घेऊन.

"चौकशी फोनवरही होते," ती म्हणाली.

"फोनवर भडंग देता येत न्हाई."

अखेर अहवाल आला.

"तुमचा एकच बिघडला आहे. तुम्हाला फारशी भीती नाही."

जयराजने मोठा श्वास सोडला. "मग मला एक इचारायचं हाय—"

"थांबा." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुलनेसाठी एक निरोगी नमुना लागतो. मी माझेच रक्त दिले होते." तिने दुसरा कागद पुढे सरकवला. "माझाही... एक बिघडला आहे."

पंख्याच्या वाऱ्याने एक कागद दुसऱ्यावर सरकला.

"म्हंजे, आपल्या—" तो अडखळला.

"प्रत्येक मुलामागे पंचवीस टक्के धोका," तिने वाक्य पुरे केले. तो काय विचारणार होता, हे आपण परस्पर गृहीत धरले... हे ध्यानात येताच ती लालबुंद झाली.

जयराज हसला नाही. त्याने टेबलावरचा जनुकीय समुपदेशनाचा अर्ज ओढला, त्यावर दोघांची नावे लिहिली. 'नाते' या रकान्यापाशी पेन थांबले.

"हे तुमी भरा. माझा हात कापतोय... घाबरू नका, ह्यो आजार न्हाई."

तिने पेन घेतले. तिचाही हात कापत होता. अक्षर वेडेवाकडे आले, तरी स्पष्ट वाचता येत होते — 'नियोजित पती-पत्नी.'