हातांचा सीन

"खबरदार, माझ्या मेंढीला चुना लावला तर!"

मी ओरडले. आणि गंमत म्हणजे माझ्या मागून आणखी कुणीतरी नेमकं तेच ओरडलं, फक्त 'माझ्या' सोडून.

वळून बघते तर एक जण फटफटीवरून उडी मारूनच उतरत होता. गाडी स्टँडला लावायचंही भान नाही, ती पडली आडवी. त्यानं चुन्याची बादली हिसकावून घेतली. "कातडी भाजंल त्यांची! मेंढ्यांचा सल्लागार मी हाय ना इथं? मग मला विचारायचं न्हाई व्हय?"

ही २००३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या माळावर मुंबईहून निलम मॅडम आल्या होत्या, टीव्ही सिरियलचा 'पायलट' काढायला. माझे बाबा, मसाजी, दोन दिवस आभाळाकडं बघत होते, विमान कुठं उतरतंय म्हणून! मग कळलं की पायलट म्हणजे नमुन्याचा पहिला भाग. जनावरांचा एक मराठी डॉक्टर ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या फार्मवर नोकरीला जातो, तिथल्या गोऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो, अशी ती गोष्ट. मॅडमना ऑस्ट्रेलियाचा खर्च झेपत नव्हता, म्हणून आमचा माळ. तिथल्या मेंढ्या पांढऱ्या, आमच्या काळ्या. म्हणून चुना.

आणि हा फटफटीवाला म्हणजे शिवशंकर, बाळापूरच्या दवाखान्यात नवा आलेला जनावरांचा डॉक्टर. हा खरोखरच ऑस्ट्रेलियाला निघाला होता, दोन वर्षांच्या नोकरीवर. पेपरात फोटोसकट बातमी आली आणि ती वाचूनच मॅडमनी सिरियल लिहिली. बिचारा अजून बाळापुरातून हलला नव्हता आणि सिरियलमध्ये पोचला पण!

"मग लावायचं तरी काय?" मॅडम वैतागल्या.

"ज्वारीचं पीठ," मी म्हटलं. "भाजत न्हाई."

"आन् मेंढ्या एकमेकींना चाटतील त्याचं?" तो म्हणाला.

"मग शूटिंग भराभर करा म्हणावं."

तो हसला. मी नाही हसले. म्हणजे... तोंड फिरवून हसले.

दिवाळी झाली की आम्हा धनगरांचा कळप चाऱ्यासाठी गावोगाव निघतो. घोडं, कोंबड्या, भांडी, आई, मी, सगळं बिऱ्हाड संगं. त्या साली आधीच निघायला उशीर झाला, त्यात शूटिंगपायी अडकून पडलो होतो. एका जागी राहायची सवय नाही, जीव नुसता आंबला होता. त्यात हा रोज यायचा. कधी मेंढीचं खूर बघायला, कधी पाणी प्यायला. फटफटीचा आवाज आला की माझी भाकरी करपलीच म्हणून समजा.

"तुझ्या पायाला भिंगरी लागली व्हय गं?" आई म्हणायची. माझ्या आईच्या, म्हणजे नर्मदाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही.

"कधी निघायचं?" मी त्याला रोज विचारायची.

"सोमवारी व्हिसाचा अर्ज टपालात टाकायचाय."

"मग टाका की. कुणी धरून ठेवलंय?"

"तेच तर... कुणी धरूनच न्हाई राहिलं."

असलं बोलून निघून जायचं! आणि मी मेंढ्या मोजायची, तीनदा मोजल्या तर तीन आकडे.

शुक्रवारी कोकराच्या पायाला पट्टी बांधायचा सीन होता. सिरियलमधला हिरो मेंढीला घाबरायचा आणि हिरोइनला पिठानं शिंका यायच्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "चेहरे नंतर. आता फक्त हात घेऊ. डॉक्टर, तुमचे. रागिणी, तुझे." माझ्या हातांना पांढरी पावडर फासली. मेंढ्यांना पीठ, मला पावडर! "आवाज नंतर भरायचाय," मॅडम म्हणाल्या, "काहीही बोला, पण हात हलते ठेवा."

कोकरू मधे, आम्ही दोघं समोरासमोर. लांबून शिजत्या हळदीचा वास येत होता.

"हात थंड पडलेत तुमचे," तो हळूच म्हणाला.

"मेमसाहेबाचे हायेत. थंडच असणार."

"मेमसाहेबाला तव्याचा चटका बसत न्हाई. हा काय?"

मी बोट मागं ओढलं. "कट्! हात काढू नका!" मॅडम ओरडल्या. परत पट्टी, परत तेच बोट. चौथ्या वेळी त्यानं पट्टी सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "रागिणी... अर्जातला एक रकाना राहिलाय."

"कोणता?"

"संगं येणारं... घरचं माणूस. एकाला नेता येतं. मी... कुणाचं नाव लिहू?"

म्हणजे जाणार हे पक्कंच. डोळे भरून आले. ते लपवायला मी घाईघाईनं बोलून गेले, "त्यात काय विचारायचं? आईला न्या!"

त्याचा हात थांबला. "आईला?"

"मग? वसमतच्या घरी एकट्या काय करतील त्या?"

"...बराबर हाय," तो म्हणाला. "आईला."

"ओके!" मॅडम खूश. "डॉक्टर, काय सुंदर थांबला हो तुमचा हात!"

शनिवारी तो आलाच नाही. गेला तर गेला, मी म्हटलं. मग दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसले. सोमवारी अर्ज जाणार. म्हणजे माणूसच जाणार! मला नुसता राग येत होता. त्याचा, ऑस्ट्रेलियाचा, स्वतःचा.

रविवारी दिवेलागणीला मॅडमनी शाळेच्या ओसरीवर टीव्ही मांडला. जायच्या आधी सगळ्यांना दाखवायचं म्हणाल्या. अख्खी वस्ती जमली. शिवशंकरही आला, पण पार मागं, लिंबाखाली उभा. पिठातल्या मेंढ्या दिसल्या, लोक हसले. मग हातांचा सीन आला. आणि...

आवाजासकट!

नंतर नवा आवाज भरायचा असला, तरी जागेवरचा घेऊन ठेवतात हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? 'हात थंड पडलेत तुमचे.' बाया खुसखुसल्या. बाबांची तंबाखू तळहातावरच राहिली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

'मी... कुणाचं नाव लिहू?'

तेव्हा मी रडू आवरत होते, म्हणून नीट ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं. त्या 'मी'नंतर तो केवढा थांबला होता! आवाज कसा कापत होता! आणि त्यावर माझा ठणठणीत आवाज: 'आईला न्या!'

ओसरी खदखदून हसली. आईनं कपाळावर हात मारला. "अगं येडे! तुला इचारून राहिलाय त्यो!"

मागं फटफटीला किक बसल्याचा आवाज आला. मी उठले आणि सगळ्यांदेखत पळत सुटले.

"कुठं निघाले?"

"घरी." तो वर बघेना. "चूक माझीच. सरळ विचारायला पायजे होतं."

"आईचं नाव लिहिलं?"

"ती म्हणती, मला इमानात बसायची भीती वाटती."

"मग रकाना?"

"रिकामाच हाय."

तोवर बाबा मागून आले. बाबांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "डाक्टर, बिऱ्हाड मागं ठेवून धनगर कधी निघालेला पाह्यला का?"

"न्हाई."

"मग? लगीन करा आन् न्या संगं. पर एक खरं सांगा. तिथल्या मेंढ्या खरंच पांढऱ्या हायेत, का तिथंबी पीठच लावतात?"

शिवशंकरला हसावं का रडावं कळेना. "बाबा, आधी तिला तर विचारू द्या..."

"आता कशाला विचारता?" मी म्हटलं. "दोन वर्षं वाट बघत बसणं मला जमायचं न्हाई. द्या तो अर्ज इकडं!"

खिशातून घडी घातलेला अर्ज निघाला, पेन निघालं. फटफटीच्या सीटवर कागद ठेवून मी लिहिलं: रागिणी. कागद सीटवरून सरकत होता, म्हणून त्यानं तो धरला. आज बोटांना पावडर नव्हती, चटक्याचा डाग तेवढा होता. त्यानं तो डाग अंगठ्यानं हळूच चाचपला आणि मी बोट ओढलं नाही.

"पुढचं?" त्यानं विचारलं. "बापाचं नाव, आडनाव?"

मी पेन त्याच्या हातात दिलं.

"पुढचं तुमचंच लिवा की."