टापू बंद झाला त्या दुपारी

ऐकून कुणी हसलं तर हसू दे. मी यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो गोरक्ष माझा सख्खा मावसभाऊ. श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी हाच हसायचा.

आता हसत नाही.

तारीख पक्की सांगतो. २९ सप्टेंबर २०२४, रविवार. ठिकाण बेलापूर, श्रीरामपूरजवळचं. आणि वेळ रात्रीची नव्हती... दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

गोरक्षला एकच नाद. 'टापू' नावाचा मोबाईलवरचा ऑनलाईन गेम. समुद्रातलं एक बेट. प्रत्येकानं तिथं आपलं घर बांधायचं, मासे धरायचे, वाफे लावायचे, आणि खेळता खेळता एकमेकांशी बोलायचं. लॉकडाऊनमध्ये लागलेला नाद चार वर्षं सुटला नाही.

माणसंही तिथंच जोडली गेली.

एक मेरीकाकू. बेलापूरच्या, रिटायर झालेल्या नर्स. नवरा कोरोनात गेला, लेक एंजेला पुण्यात. "टापू नसता तर मी भिंतींशी बोलत बसले असते," असं म्हणायच्या.

दुसरा ओम. देवळाली प्रवऱ्यात त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान.

आणि तिसरा बन्सी.

बन्सी कुठला, काय करतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "हितलाच की."

गेम कधीही उघडा, बन्सी हजर. टापूवरच्या त्याच्या घरात एक वस्तू नव्हती. नुसता दाराशी बसलेला असायचा.

आणि अजून एक...

काकू बोलायला लागल्या की मागं कुकरची शिट्टी, शेजारच्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. ओमच्या मागं गिऱ्हाईकं. गोरक्षच्या मागं ट्रॅक्टर.

बन्सीच्या मागं काहीच नाही.

पंखा नाही. कुत्रं नाही. श्वाससुद्धा नाही.

त्या ऑगस्टमध्ये कंपनीची नोटीस आली. टापू कायमचा बंद. २९ सप्टेंबरला दुपारी साडेतीनला सर्व्हर बंद होणार.

खेळणारे हळहळले. ओमनं सह्यांची मोहीम चालवली, हजारो लोकांनी सह्या केल्या. कंपनी ढिम्म. काकू तर दोन दिवस जेवल्या नाहीत.

बन्सीनं एवढंच विचारलं, "बंद म्हंजी? मंग घरं?"

"घरंपण जाणार रे," ओम म्हणाला.

त्यानंतर बन्सी आठ दिवस बोलला नाही. नुसता दाराशी बसून.

शेवटी काकूंनीच ठरवलं. "त्या दिवशी सगळे माझ्या घरी या. चार वर्षं झाली, एकमेकांची तोंडं तरी बघू."

गोरक्ष आणि ओम गेले. काकू चर्चमधून येऊन स्वयंपाकाला लागल्या होत्या. कोंबडी, भात, वर शेवयाची खीर. टेबलाला चार खुर्च्या लावलेल्या. बन्सीलाही पत्ता कळवला होता.

तो आला नाही.

पण गेम उघडला तर तिथं होता.

जेवणं झाली. तिघं आपापला मोबाईल घेऊन टेबलाशीच बसले. टापूच्या धक्क्यावर शेकडो लोक जमलेले. कुणी फटाके उडवत होतं, कुणी वाळूत नाव लिहीत होतं, कुणी नुसतं उभं होतं. ओमचे डोळे भरून आले. "चार वर्षं राव..." एवढंच म्हणाला.

तीन सत्तावीस.

"काकू..." बन्सीचा आवाज. "मी कुठं जाऊ?"

"अरे, आता आपापल्या घरी जायचं."

"ह्येच घर हाय माजं."

तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

बन्सी रडत होता. पण रडताना नाक ओढल्याचा, हुंदक्याचा आवाज नव्हता. शब्दच तेवढे ओले.

काकूंचा जीव कळवळला. सगळा जन्म आजाऱ्यांच्या उशाशी काढलेली बाई ती. म्हणाल्या, "रडू नको लेकरा. माझ्याकडं ये. एवढ्या घरात मी एकटीच असते."



"येऊ?"

गोरक्ष सांगतो, त्या क्षणी काकूंच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. हात उचललाच नाही.

"ये की," काकू म्हणाल्या.

साडेतीन.

तिन्ही स्क्रीन एकदम करड्या झाल्या. 'टापू बंद झाला आहे. सोबतीबद्दल आभार.'



मग गोरक्षच्या ध्यानात आलं... पंखा फिरतोय, पण घरघर येत नाही. शेजारी मिक्सर चालू होता, तो ऐकू येईना. रस्त्यावरचे टेम्पो ऐकू येईनात. ओमचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

सगळं ठार मुकं.

आणि त्या मुक्यात एकच आवाज आला.

फाटकाची कडी.

मग पावलं. अनवाणी. सावकाश. ओट्यावर आली... दाराशी थांबली.

दाराचा पडदा बाजूला झाला. वाऱ्यानं उडतो तसा नाही. कुणीतरी हातानं धरून ठेवावा तसा एका बाजूला थांबला.

दारात कुणी नव्हतं. मागं नुसतं ऊन.

चौथी खुर्ची मागं सरकली.

आणि एकदम सगळे आवाज परत आले. पंखा, मिक्सर, टेम्पो! ओम किंचाळत होता. तो चपला न घालताच पळाला.

गोरक्षनं काकूंचा हात धरला. "चला, काकू! उठा!"

काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. नजर त्या खुर्चीवर.

"कशी येऊ, गोरख? मीच बोलावलंय त्याला."

त्या उठल्या नाहीत. शेवटी गोरक्ष एकटाच बाहेर पडला.

पुढं अकरा दिवस गोरक्ष रोज फोन करायचा. आधी काकू म्हणायच्या, "दाराशी बसून असतो. त्रास काही नाही." मग आवाज बारीक होत गेला. "मी जाईन तिथं मागं येतो रे." आणि दहाव्या दिवशी, "मी प्रार्थना म्हणते ना... तोपण म्हणतो. एक ओळ मागं."

गोरक्षनं एंजेलाला कळवलं. ती पुण्याहून आली. गोरक्ष गाडी घेऊन गेला. मायलेकी गाडीत बसल्या. एंजेलानं कुलूपकिल्ली त्याच्या हातात दिली, "तेवढं लावता का?"

त्यानं दार ओढलं. कुलूप अडकवलं. किल्ली फिरवली.

कानाशी, अगदी कानाशी...

"आता मी कुठं जाऊ?"

बोलणाऱ्याचा श्वास लागला नाही. मागं बघायची हिंमत झाली नाही.

गोरक्षच्या डोळ्यांपुढं आपलं घर आलं. बायको. दोन वर्षांची पोर. आणि काय बोलतोय हे कळायच्या आत तोंडातून निघून गेलं...

"ओमकडं जा."



मग समोर फाटकाची कडी आपोआप उघडली.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. काकूंना नाही, बायकोला नाही. फक्त मला सांगितलं, तेही मान खाली घालून. "भ्यालो होतो रे. दुसरं नावच आलं नाही तोंडात."

काकू पुण्यात बऱ्या आहेत. जेवतात, झोपतात.

ओमचं मात्र ठीक नाही. दुकानात गिऱ्हाईक पायरीपर्यंत येतं आणि माघारी फिरतं. ओमनं एकाला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "दारात माणूस बसलाय, वलांडून कसं येऊ?" दारात कुणीच नव्हतं.

गेल्या गुरुवारी ओमनं गोरक्षला फोन केला. रडवेला झाला होता.

"गोरखभाऊ, लई भ्या वाटतंय. मी दोन-चार दिवस तुमच्याकडं ऱ्हायला येऊ का?"

गोरक्षनं फोन कापला.

तेव्हापासून ओमचे फोन येतायत, आणि हा उचलत नाही. 'ये' म्हटलं तर ओम एकटाच येईल का? आणि 'नको' म्हणायला तोंड कुठं आहे? ओमच्या दारात बन्सीला बसवलं ते यानंच.

मला विचारतो, "तूच सांग, काय करू?"