जो गप्प बसेल त्याचं काम

रचून सांगण्याइतकी अक्कल मला नाही. हे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

आम्ही काहीजण मिळून एक सॉफ्टवेअर बनवतो. वेगवेगळ्या शहरांतून, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची. त्याआधी एका शनिवारी दुपारी सगळ्यांनी ऑनलाइन बसून कामं वाटून घ्यायची. जे काम कुणालाच नको, ते जो गप्प बसेल त्याच्या गळ्यात. हा आमचा नियम.

दादा कायम गप्प बसायचा. सगळी किचकट कामं त्याचीच. शेवटी तो काम करता करता खुर्चीतच गेला.

त्यानंतरची ती पहिली मीटिंग. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो. सर्वांत अवघड काम उरलं होतं. जो तो अंग काढून घेत होता. तेवढ्यात आमच्यातला एक, ज्याला आम्ही बडबड्या म्हणतो, तो बोलून गेला, "मग दादाच्या नावावर टाका की. गप्प तोच आहे."

कुणीतरी हसलं.

यादीत दादाचं नाव पडलं. कुणी ते खोडलंही नाही. खोडणाऱ्याच्याच गळ्यात काम पडलं असतं ना!

सोमवारी बघतो तर...

काम झालेलं होतं. दादाच्या नावाने. अगदी त्याच्या पद्धतीचं, नीटनेटकं.

आम्ही एकमेकांना विचारलं. प्रत्येकजण नाही म्हणाला.

आवृत्ती वेळेवर निघाली. पुढच्या मीटिंगला बडबड्याने पुन्हा तेच नाव घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही. कुणी अडवलंही नाही.

मग वहिनीचा फोन आला.

"भावोजी, ह्यांच्या खोलीला मी कुलूप लावलंय. कॉम्प्युटर तुम्हीच नेलात ना?"

"हो. माझ्याकडेच आहे. का गं?"

"मग हे ऐका."

तिने फोन दाराला लावला.

टक... टक टक... टक...

आणि मध्येच तो खोकला. काम अडलं की दादा असाच खोकायचा.

वहिनी रडत म्हणाली, "मेल्यावर तरी सोडा हो त्यांना!"

मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. एकमताने ठरलं, प्रकल्प बंद. दादाचं नाव मी स्वतः सगळीकडून काढलं आणि वहिनीला कळवलं, "सुटला तो."

खोली शांत झाली. वहिनी त्या दिवशी पोटभर जेवली.

पण ठरलेल्या तारखेला...

आवृत्ती निघाली.

सोबत पुढच्या आवृत्तीचा आराखडा. सगळी कामं वाटलेली. प्रत्येक कामापुढे दादाचंच नाव.

आम्ही शेवटची मीटिंग घेतली, फक्त त्याला सांगायला. पडद्यावर एक काळा चौकोन उघडला... खाली त्याचं नाव.

"दादा, काम संपलंय रे. ऊठ आता. ऐकतोयस ना? नाही म्हण एकदा. नुसतं नाही म्हण!"

मी रडलो. बडबड्याने हात जोडून माफी मागितली.

दादा गप्प बसून राहिला.

आणि आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे काम घेतलं.

वहिनीने घर बदललंय. काल तिचा फोन आला. ती काहीच बोलली नाही.

तिने फोन फक्त दाराला लावला...