थांबत नव्हतं ते गिरमिट

"थांबलंय का? नाही ना? मग लागेलच पाणी!" मंगळावरच्या आमच्या वस्तीत जो तो हेच ऐकवायचा. माझं डोकंच फिरायचं.

बर्फ तीन मीटर खाली होता. माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, बनवलेलं गिरमिट (खडक पोखरणारं यंत्र) पृथ्वीच्या एका वर्षात पावणेदोन मीटर खाली गेलं होतं. "अर्ध्याच्या वर झालं की!" म्हणे. इकडे टाकी तळाला गेलेली. पाणी संपलं की वस्ती बंद, आणि सगळ्यांची रवानगी पृथ्वीवर. इथे जन्मलेल्या आम्हा पोरांची हाडं तिथलं वजन सोसणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

उत्तरेच्या उतारावर बर्फ आणखी खोल होता, पण माती मऊ होती. गिरमिट तिकडे न्यायचं की नाही, ते उद्या ठरणार होतं.

"आबा, राहिलेलं सव्वा मीटर कधी होणार?"

आबांनी पुढ्यातला खडू बाजूला सारला. पाणी वाटणारा आमचा यंत्रमानव घंगाळ मात्र बोलला, "वेग रोज घटतो, ऋजुता. t व्या दिवशी वेग आहे एक भागिले (t गुणिले ln t) मीटर."

ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम (e, म्हणजे सुमारे २.७१८, या संख्येचा कितवा घात घेतला की t मिळतो, तो आकडा).

"मग संकलन करा ना!" मी म्हणाले. संकलन म्हणजे वेगाचे बारीक बारीक तुकडे जोडून एकूण खोली काढणं.

आबांनी नाइलाजाने खडू उचलला. "ln t ला u म्हण. याला प्रतिस्थापन म्हणतात (अवघड भागाला तात्पुरतं सोपं नाव देणं). आता t जरासा, dt इतका वाढला, तर u किती वाढतो?"

"dt भागिले t."

"बघ, आपल्या गणितात ते आयतंच आहे. त्याच्या जागी du लिही. उरलं काय?"

"एक भागिले u, गुणिले du. त्याचं संकलन ln u!"

"आता u चं खरं नाव परत घाल."

खोली = ln (ln t). तिसऱ्या दिवसाच्या सुमारास u एक होता, म्हणून खोली शून्य, तिथूनच मोजलेली. खोली तीन व्हायची तर u हवा e चा तिसरा घात, सुमारे वीस. आणि u वीस व्हायचा तर t हवा e चा विसावा घात. घंगाळने आकडा सांगितला: जवळजवळ पन्नास कोटी दिवस. तेरा लाख वर्षं!

गिरमिट थांबणार नव्हतं, हे खरंच होतं. पण पोचणारही नव्हतं.

"चार ओळींचं गणित, आबा! वर्षभर का नाही केलंत?"

"सोपं होतं गं," आबा म्हणाले. "म्हणूनच केलं नाही. उत्तर नको होतं मला."

मला त्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं.

सकाळी आबांनीच सगळ्यांसमोर गणित मांडलं आणि स्वतःच्या हाताने गिरमिट बंद केलं. "म्हाताऱ्याने वर्ष मातीत घातलं," लोक तोंडावर बोलले. काल हेच लोक त्यांना डोक्यावर घेत होते.

दुपारी उत्तरेच्या मऊ मातीत गिरमिट सरसर उतरायला लागलं. आबांनी खडू माझ्या हातात दिला.

"रोजचा वेग घे, संकलन कर आणि सगळ्यांना मोठ्याने सांग. मला विचारत बसू नकोस. मी पुन्हा टाळेन."