फुआतिनोचा ठोका

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. या वयात खोटं बोलून मी काय मिळवणार? हे माझ्या घरात, माझ्या तळहाताखाली घडलंय. सामोआच्या सवाई बेटावर. तेव्हा मी गावच्या दवाखान्यात नर्स होते.

माझी लेक फुआतिनो सोळा वर्षांची. सांध्यांच्या तापाने तिच्या हृदयाची झडप बिघडलेली. रोज मी तिच्या डाव्या स्तनाखाली तळवा टेकायची, मग एका बोटाने ठोक्याची नेमकी जागा शोधायची. तो काखेकडे सरकला, की हृदय फुगलं समजायचं.

कित्येक महिने तो जागेवर होता.

त्या दिवशी पोरगी न्हाली आणि मोकळे केस विंचरत बसली. आजीच्या थडग्यावर. ऐन तिन्हीसांजेला!

आमची थडगी अंगणातच असतात. बसायला हरकत नाही. पण त्या वेळी मोकळे केस... मेलेल्यांना ते बोलावणं वाटतं.

आजी म्हणजे माझी सासू, लेपेका. जिवंतपणी तिने नातीला कधी माझ्या कुशीत निजू दिलं नाही.

प्रार्थनेचा शंख वाजला. या वेळी कुणी घराबाहेर पडत नाही. गाव चिडीचूप.

फुआतिनो चटईवर कोसळली.

मी तळवा ठेवला. ठोका दोन बोटं बाहेर.

पुन्हा पाहिलं... काखेत.

"असं एका क्षणात होत नाही हो!" मी नवऱ्याला म्हटलं.

"तू घाबरलीयस. नीट बघ," इओसेफो म्हणाला.

तिला डाव्या कुशीवर वळवलं. तसा ठोका हाताला जास्त लागतो.

छाती गप्प.

आणि मग... माझ्या गुडघ्याखाली, चटईत, एक ठोका.

पुढचा हातभर पलीकडे. दाराच्या दिशेने.

मी तळवा टेकत रांगत सुटले. चटईवरून, पायरीवरून, अंगणात.

रस्त्यावर प्रार्थनेच्या पहाऱ्याला गावातला उफी होता. "सिस्टर, प्रार्थनेच्या वेळी बाहेर? दंडाचं डुक्कर काढा!"

"दोन घे मेल्या! आता तोंड मिट!"

थडग्यावर हात ठेवला. दिवसभर उन्हात तापलेलं सिमेंट... गार होतं.

आत ठोका. त्यामागे मांजरासारखी घरघर, बिघडलेल्या झडपेची.

माझ्याच लेकीचा.

आमच्यात भुताला हात जोडत नाहीत. घरच्याच माणसाने त्याला खडसावायचं असतं.

"म्हातारे! जन्मभर माझ्या हातातलं हिसकावलंस, मी गप्प बसले. आता नाही! सोड तिला! एकटं वाटत असेल तर माझी वाट बघ. पण हिला नेलंस तर थडगं उपटून समुद्रात टाकीन!"

"अगं, आई आहे ती माझी!" इओसेफो दारातून ओरडला.

"मग तुम्ही सांगा तिला!"

तो थडग्याजवळ आला.

"आई... सोड पोरीला."

सिमेंट एकदा थरथरलं.

मग काहीच नाही.

घरातून हाक आली, "आई, पाणी दे ना."

धावत जाऊन हात लावला. ठोका जागेवर होता.

पुढे ऑकलंडला तिची झडप बदलली. आज ती नातवंडांवर ओरडते. इओसेफो गेला. मी त्याच घरात राहते.

यंदा माझा स्वतःचा ठोका दोन बोटं बाहेर सरकलाय. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, "वय झालं, सिस्टर."

असेलही.

पण तिन्हीसांजेला कधी कधी चटईत ठोका लागतो... दाराकडे जाणारा.

मी त्याच्यामागे जात नाही. तळव्याने तिथेच दाबून धरते.

"बस वाट बघत, म्हातारे. मी माझ्या सवडीने येईन."