नापास ठरलेला दिवा

दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. एक तिची स्वतःची, दुसरी कुणा पुरुषाची. तिला ते अजून कळलेलंच नव्हतं.

वहिनींनी तिला आत घेतलं, पाण्याचं भांडं पुढे केलं आणि ती आपणहून बोलेपर्यंत काही विचारलं नाही. विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात वहिनींचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. धक्का बसलेल्या माणसाला घाई केली की तो खरं सोडून भलतंच सांगतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे दीर कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते वहिनींची गाडी चालवत आणि तपासात मदत करत. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं.

"माझ्या नवऱ्याला पोलीस आज संध्याकाळी घेऊन जाणार आहेत," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना मारायचा प्रयत्न केला म्हणून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचे वडील वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. काल सकाळी ते स्वतः गाडी चालवत सत्काराला निघाले होते. जुन्या खात्यातल्या लोकांनीच तो ठेवला होता. शेजारच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे काका. हमरस्त्यावर पुढचं एक चाक फुटलं आणि गाडी झाडावर गेली. काकांचा हात मोडला. साहेब अजून शुद्धीवर आले नव्हते. फुटलेलं चाक गेल्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने उघडून पुन्हा बसवलं होतं. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

"चाक कशाला उघडलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"दिव्यापायी. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो ना, तो. गेला महिनाभर सतावत होता. बाबा पंपावर हवा भरून घ्यायचे, दिवा जायचा. घरी येऊन बाबा हवा मोजायच्या स्वतःच्या गेजने पुन्हा तपासायचे, एकदम बरोबर करून ठेवायचे. आणि पुढच्या खेपेला गाडी काढली की दिवा पुन्हा पेटायचा."

"लुकलुकायचा की एकसारखा?"

"एकसारखा. शेवटी बाबांनी त्यावर कागद चिकटवला, 'नापास' असं लिहून." तिच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच थिजलं. "जे खोटं बोलतं त्याच्यावर ते कागद चिकटवतात. जे खरं निघालं त्याला लाखेचं सील. घरातला वजनकाटासुद्धा सुटला नाही त्यातून."

निघताना वहिनींनी हलकेच तिच्या पायांकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं आणि दोन्ही चपला काढून हातात घेतल्या.

ठोकरलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. तिथला अधिकारी वहिनींना विम्याच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याने सांगितलं की उरलेल्या तिन्ही चाकांची हवा त्याने स्वतः मोजली. समोरच्या कप्प्यात साहेबांचं गेज सापडलं होतं, त्यानेच. तिन्ही चाकांत बरोबर तेहतीस, गाडीला लागते तेवढी. म्हणजे हवा ठीक होती. जावयाने उघडलेलं तेवढं एकच चाक गेलं. आणखी काय पुरावा हवा?

वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. फुटलेलं चाक काकांच्या बाजूचं होतं. पण पत्रा चेपला होता तो साहेबांच्या, म्हणजे चालकाच्या बाजूचा.

"ते मलाही कळलं नाही," अधिकारी म्हणाला. "चाक फुटलं की गाडी त्याच बाजूला ओढली जाते. ही उलटी कशी वळली कोण जाणे."

वहिनींनी गेज हातात घेऊन पाहिलं. गोल तबकडीचं, जुन्या बनावटीचं. काटा नेमका शून्यावर. पाठीमागच्या स्क्रूवर लाखेचा लालभडक ठिपका आणि त्यावर साहेबांचा शिक्का.

"सील शाबूत आहे," भाऊजी म्हणाले. "म्हणजे कुणी उघडलेलं नाही. या गेजवर वेळ घालवू नका, वहिनी."

वहिनींनी सही करून गेज मागून घेतलं.

जावई गॅरेजमध्ये नुसता बसून होता. समोर एक चाक अर्धं उघडून पडलेलं. सासरे आपल्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, असं त्याने न कुरकुरता सांगितलं. गाडी गॅरेजमध्ये आणायचे नाहीत, जावयाकडून फुकट काम करून घेतो असं लोक म्हणतील म्हणून. मग तोच त्यांच्या घरी गेला. त्याने खिशातून आपलं गेज काढलं, तर साहेबांनी ते बाजूला सारून स्वतःचं हातात दिलं. चारही चाकांत तेहतीस भरली. मग त्याला वाटलं, चाकातला हवा मोजणारा सेन्सर बिघडला असेल. एक बदलून पाहिला. दिवा तसाच.

"बिघडलेला सेन्सर असला तर दिवा आधी लुकलुकतो," वहिनी म्हणाल्या.

"हो." त्याने मान खाली घातली. "तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण साहेबांच्या मापावर शंका घ्यायची म्हणजे... तुम्ही त्यांना ओळखत नाही."

बाहेर आल्यावर भाऊजींनी निकाल देऊन टाकला. जावई फार गरीब चेहरा करतो, तोच असणार. काका तर गाडीतच बसले होते. स्वतःच्या बुडाखाली सुरुंग कोण लावतो?

पंपावर हवा भरणारी बाई साहेबांचं नाव ऐकताच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अपघाताचं कळल्यावर मात्र तिचा हात आपोआप तोंडावर गेला. साहेब दर खेपेला भांडायचे, असं ती सांगू लागली. तुझं मशीन जास्त हवा भरतं, मला घरी जाऊन काढून टाकावी लागते, म्हणायचे. "मी म्हटलं, साहेब, मशीन आत्ताच तपासून गेलेत. तर म्हणाले, कोणी तपासलं? मी तर नाही ना?"

वहिनींनी तिच्याकडून आपल्या गाडीच्या चारही चाकांत तेहतीस हवा भरून घेतली आणि गाडी साहेबांच्या घराकडे घ्यायला सांगितली. फाटकाशी उतरल्यावर त्यांनी भाऊजींच्या हाती साहेबांचं गेज दिलं.

भाऊजींनी ते चाकाला लावलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "पंचेचाळीस! साहेब बरोबर बोलत होते की. त्या बाईने वाटेल तशी हवा कोंबली आहे. थांबा, काढतो मी."

ते वाकले. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. अगदी हेच करू नका."

घरात लेक होती. आता तिच्या पायांत काहीच नव्हतं. तिने दोघांना साहेबांची खोली दाखवली. दोन पलंग, एकावर साहेब झोपत, दुसऱ्यावर काका. मधल्या टेबलाच्या खणात लाखेच्या कांड्या आणि साहेबांचा शिक्का; कुलूप नाही. भिंतीवरच्या तापमापकावर सील, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सील. सगळी धुळीने तपकिरी पडलेली. साहेब घरातली सगळी मापं एकाच दिवशी तपासत आणि एकदमच सील करत, गेजसुद्धा, असं लेकीने सांगितलं.

काका याच खोलीत कसे, असं वहिनींनी विचारल्यावर लेकीने आवाज खाली आणला. काकांचं पूर्वी किराणा दुकान होतं. साहेबांनी एकदा त्यांचाच काटा जप्त केला, भर गिऱ्हाइकांसमोर. दुकान बसलं ते बसलंच.

"पण बाबांनी त्यांना कधी कमी लेखलं नाही हं. जेवण एकत्र, खोली एकत्र. फक्त त्या दुकानाचं नाव दोघंही काढत नाहीत."

"काट्यात काय दोष निघाला होता?"

"रिकामा असला की शून्यावर बरोबर. माल ठेवला की जास्त दाखवायचा. काका म्हणायचे, स्प्रिंग थकली होती, मला ठाऊक नव्हतं."

इस्पितळात काका पलंगावर बसले होते. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात रंगीत कागदात बांधलेली छोटी पेटी. ती सत्काराची भेट आहे, भावाला द्यायची राहून गेली, असं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता रडू कोसळे. गाडी कशी चालते यातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते आयुष्यात कधी चालकाच्या जागी बसले नव्हते. काल गाडीत दिवा लागला होता का, याला त्यांनी कागदाखालून उजेड दिसत होता एवढंच उत्तर दिलं.

वहिनी उठल्या तेव्हा काकांनी एकच गोष्ट विचारली.

"गेज कुठे आहे? हरवलं तर नाही?"

"माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

संध्याकाळी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर सगळे जमले. लेक आणि जावई एकमेकांना चिकटून बसले होते. अधिकारी उभाच होता. काकांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, पेटी मांडीवर.

"दिवा खरं बोलत होता," वहिनींनी नेहमीच्या हलक्या आवाजात सुरुवात केली. "पहिल्या दिवसापासून. तो लुकलुकत नव्हता, म्हणजे बिघाड नाही, हवाच कमी. पंपावर भरली की जायचा, साहेबांनी घरी तपासली की पुढच्या खेपेला परत यायचा. मग हवा काढत कोण होतं? साहेब स्वतः. त्यांचं गेज तेहतीसचे पंचेचाळीस दाखवतं. ते बिचारे काटा तेहतीसवर येईपर्यंत हवा सोडत राहायचे. प्रत्यक्षात चाकात उरायची चोवीस."

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "आणि मी तिन्ही चाकं त्याच गेजने मोजली."

"तुम्ही मोजली, जावयांनी मोजली, आमचे भाऊजी तर हवाही काढायला निघाले होते. चुकीचं माप प्रामाणिक माणसाच्या हातात असलं की त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. कमी हवेची चाकं हमरस्त्यावर तापली आणि एक फुटलं. चारांतलं कुठलंही फुटलं असतं."

"पण गेज आपोआप बिघडलं असेल," भाऊजी म्हणाले. "सील तर शाबूत होतं."

"फारच शाबूत होतं. घरातली सगळी सीलं एकाच दिवसाची, धुळीने तपकिरी पडलेली. याचं तेवढं लालभडक. स्क्रू उघडला, काटा हलवणारी आतली कमान किंचित वाकवली, आणि पुन्हा साहेबांच्याच शिक्क्याने बंद केलं. त्या खणाशी रात्रंदिवस कोण असतं? आणि बिघाड तरी कसला? रिकामं असताना शून्यावर बरोबर, भार आला की जास्त. असा दोष या घराने पूर्वी एकदाच पाहिला होता."

लेकीने सावकाश मान वळवून काकांकडे पाहिलं.

"ते गाडीत होते," जावई कसाबसा म्हणाला. "स्वतः त्यात बसतील का?"

"म्हणूनच तुम्ही सुटता आणि ते सापडतात," वहिनी म्हणाल्या. "हवा कमी झाली की चाक फुटतं, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या गाडीत बसणार नाही. आणि चाकंच ज्याच्या हाताखाली असतात तो तुमच्यासारखा माणूस गेजपाठी लागणारच नाही. हे करून वर शेजारी जाऊन बसणारा माणूस एकच, ज्याने कधी गाडी चालवली नाही. त्यांना कुणाला मारायचं नव्हतं. मघाशीही त्यांना काळजी होती ती गेज हरवलं नाही ना, याची. काका, ती पेटी उघडता?"

काकांनी ती पोटाशी धरली. मग बोटं सैल पडली. वहिनींनी कागद सोडवला. आत कोरं करकरीत गेज होतं, साहेबांच्या गेजसारखंच.

"सत्कारात दोन्ही टेबलावर ठेवणार होतो," काका म्हणाले. आवाज कोरडा होता. "एकाच चाकाला लावून दाखवणार होतो, सगळ्यांसमोर. म्हणणार होतो, हे बघा, साहेबांचं माप. शिक्क्यासकट खोटं. मग त्याला विचारणार होतो, तू मुद्दाम केलंस का रे? नाही ना? मग मी तरी केलं होतं का? एवढंच. देवाशपथ, एवढंच."

"दिवा दिसत होता तुम्हाला," लेक म्हणाली. ती काकांना प्रथमच तुम्ही म्हणाली असावी, कारण ते दचकले.

"दिसत होता. मला वाटलं, बरंच झालं. दिवासुद्धा माझ्या बाजूने साक्ष देतोय."

जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अधिकारी पुढे सरकला, पण वहिनींनी नजरेने त्याला थांबवलं.

"एक गोष्ट राहिली," त्या म्हणाल्या. "चाक फुटलं ते तुमच्या बाजूचं, काका. गाडी तुमच्याच बाजूने झाडावर जायची. अधिकाऱ्यांनाही ती उलटी कशी वळली कळत नव्हतं. गाडी आपणहून उलटी वळत नाही. चालकाने सगळा जोर लावून ती वळवावी लागते. तुम्हाला लागणारा मार साहेबांनी स्वतःच्या अंगावर घेतला."

काका वहिनींकडे बघत राहिले. कुणीतरी परक्या भाषेत बोलत असावं तसं. मग त्यांच्या मांडीवरचं नवं गेज घरंगळलं आणि फरशीवर पडलं. ते कुणीच उचललं नाही.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून परिचारिका बाहेर आली. साहेबांनी डोळे उघडले होते. लेक धडपडत उठली.

"थांबा जरा, एकाच माणसाला आत जाता येईल," परिचारिका म्हणाली. "ते भावाला विचारताहेत. त्याला कुठे लागलं तर नाही ना, म्हणून. कोण भाऊ?"

लेक दारापाशीच थबकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे. शेवटी ती मागे आली, काकांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि खुर्ची दाराकडे वळवू लागली.

काकांनी चांगल्या हाताने चाक घट्ट धरून ठेवलं होतं.